कमिटचा मेल कोणाला जायला पाहिजे? प्रोजेक्टमधल्या बदलांसाठी मेलिंग लिस्ट लावायची पूर्ण पद्धत

जळगाव, भुसावळ, धुळे इकडे आता छोट्या छोट्या सॉफ्टवेअर टीम बऱ्याच झाल्यात, कोणी जिनिंगवाल्यांसाठी काटापट्टीचं सॉफ्टवेअर बनवतं, कोणी केळीच्या गाड्यांचा हिशोब, कोणी पतसंस्थेचं. काही पोरं इथे बसतात, काही पुण्यात. आणि कोडमधे काही बदललं (असा नोंदवलेला एक बदल म्हणजे कमिट) की त्याची खबर बहुतेक ठिकाणी एकाच रस्त्याने जाते, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, त्यात "अपडेट टाकलंय" एवढाच मेसेज आणि खाली अंगठे. सहा महिन्यांनी कोणी विचारलं की हा हिशोब कधीपासून बदलला, कोणी बदलला, का बदलला, तर उत्तर शोधायला जागाच नसते.

मेलिंग लिस्ट, म्हणजे एका पत्त्यावर मेल टाकला की तो सगळ्या मेंबरांना जातो, हा जुना उपाय आहे पण अजूनही सगळ्यात भरवशाचा. मेल प्रत्येकाकडे असतो, शोधता येतो, कंपनीने चॅटचं ॲप बदललं तरी जात नाही. स्लॅक या चॅट ॲपच्या फुकट प्लॅनमधे ९० दिवसांच्या मागचे मेसेज दिसत नाहीत हे बऱ्याच जणांना गरज पडते तेव्हा कळतं. लिनक्स कर्नलचं काम आजही मेलिंग लिस्टवर चालतं, अपाचे या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेच्या प्रोजेक्टमधे तर जे लिस्टवर झालं नाही ते झालंच नाही असं मानतात.

पण लिस्ट काढली आणि सगळं त्यात ओतलं तर आठवड्याभरात सगळे तिला म्यूट करतात. माझं म्हणणं एवढंच आहे की लिस्ट रिपॉझिटरी (कोड आणि त्याच्या बदलांचा इतिहास ठेवायची जागा) मोजून काढायच्या नसतात, वाचणारे बघून काढायच्या. खाली सगळं त्याच हिशोबाने सांगतो.

आधी कागद घ्या, सर्व्हर नंतर

उदाहरणासाठी एक प्रोजेक्ट धरू, नाव ठेवू काटा. जिनिंगच्या गेटवर कापसाची गाडी येते, भरलेलं वजन, रिकामं वजन, ओलाव्याची कपात, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पट्टी, एवढं काम. रिपॉझिटरी तीन, काट्यावरच्या कॉम्प्युटरचं ॲप, सर्व्हर, आणि रिपोर्ट.

आता समजा एका डेव्हलपरने ओलाव्याचा आकडा पूर्णांकात न धरता दशांशात धरायचा बदल केला. कोडमधे एकच ओळ. पण २० क्विंटलच्या गाडीत ९ ऐवजी ९.४ टक्के धरलं तर कपातीत ८ किलोचा फरक पडतो, ७००० भाव असेल तर ५६० रुपये झाले, आणि शेतकरी मुनीमजींना विचारणारच की कालची पट्टी अशी आणि आजची अशी का भो. म्हणजे या एका ओळीची खबर किती जणांना हवी ते बघा. दुसऱ्या डेव्हलपरला, कारण त्याने ती तपासायची. टेस्टिंगवाल्या ताईंना, कारण ९.४९ आणि ९.५० ला काय होतं ते त्या बघतील. धुळ्याला सपोर्टला बसणाऱ्या पोराला, कारण फोन त्याला येणार. आणि मुनीमजींना, कारण शेतकऱ्यासमोर ते उभे.

पण चौघांना एकच मेल नकोय. डेव्हलपरला डिफ (जुन्या-नव्या ओळींतला फरक) पाहिजे, ताईंना कोणत्या बिल्डमधे (कोडपासून तयार केलेल्या ॲपमधे) आलं ते पाहिजे, सपोर्टला एका वाक्यात काय बदललं ते पाहिजे, आणि मुनीमजींना साध्या मराठीत कधीपासून आणि मी काय करू एवढंच पाहिजे. कागदावर तीन रकाने आखा: वाचणारा कोण, मेल वाचून तो काय करणार, आणि किती वेळात. ज्या माणसापुढे दुसरा रकाना रिकामा राहिला त्याला त्या लिस्टवर घालू नका. "माहिती असावी म्हणून" हे कारण चालत नाही, त्याच्यासाठी आर्काइव्ह (जुन्या मेलचा साठा) असतं, तिथे जाऊन वाचेल.

हा कागद भरायला अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्या, पुढचं सगळं यावर उभं राहतं.

किती लिस्ट

छोट्या टीमला चार पुरतात, पाचवी लागलीच तर बिल्डची.

काटा-अनाउन्स: रिलीज आणि ग्राहकांना लागणारी खबर. महिन्याला दोनचार मेल, जास्त नाही. माणूस लिहिणार, मशीन नाही.

काटा-डेव्ह: चर्चा. प्रश्न, रिव्ह्यू, भांडण, सगळं इथे.

काटा-कमिट्स: मशीनचे मेल. इथे माणसाने लिहायचं नाही.

काटा-सिक्युरिटी: बंद लिस्ट, दोनतीनच माणसं.

नावांची ही पद्धत मी काढलेली नाही, अपाचे आणि अशा मोठ्या प्रोजेक्टमधे वर्षानुवर्षं अशीच विभागणी आहे, डेव्ह, युजर, कमिट्स, अनाउन्स. तीच ठेवा, नवीन आलेला माणूस नाव वाचूनच ओळखतो.

मोह होतो तो प्रत्येक रिपॉझिटरीला वेगळी कमिट लिस्ट काढायचा. नका करू. तीन रिपॉझिटरी, प्रत्येकाची लिस्ट, आणि सगळ्यांवर तीच चार माणसं, मग नवीन माणूस आला की तीन ठिकाणी घाला, गेला की तीन ठिकाणाहून काढा, आणि एक ठिकाण हमखास राहतं. एकच कमिट लिस्ट ठेवा आणि विषयात रिपॉझिटरीचं नाव घाला, ज्याला गाळायचंय तो फिल्टरने गाळेल. वेगळी लिस्ट तेव्हाच काढा जेव्हा वाचणारी माणसंच वेगळी आहेत, म्हणजे रिपोर्टचं काम दुसऱ्या टीमकडे गेलं आणि काट्याच्या ॲपशी त्यांचा संबंध उरला नाही, तेव्हा.

बिल्ड फेल झाल्याचे मेल कमिट लिस्टवर सोडू नका. भुसावळ जंक्शनवर दिवसभर अनाउन्समेंट चालू असतात आणि आपली गाडी सोडून बाकी काही कानात शिरत नाही, तसंच होतं, आणि मग एक दिवस आपल्याच गाडीची पण शिरत नाही. बिल्ड फेल झालं तर ज्याने पुश केलं (कमिट सर्व्हरवर चढवली) त्यालाच थेट मेल जाऊ द्या. मुख्य ब्रँचचं (कोडच्या मुख्य फांदीचं) बिल्ड फेल होतं आणि नंतर परत नीट होतं, हे दोन क्षण सगळ्यांना कळवण्यासारखे आहेत, "पास झालं, पास झालं" हे रोज कळवण्यासारखं नाही.

पत्ता आणि मालक

लिस्टसाठी वेगळं सबडोमेन घ्या, लिस्ट्स डॉट तुमचं डोमेन असं काहीतरी. कंपनीच्या रोजच्या मेलची आणि लिस्टची पत वेगळी राहते, उद्या लिस्टवरून जास्त मेल जाऊन कोणी स्पॅम मारलं तर तुमची बिलं स्पॅममधे पडायची शक्यता कमी होते. पत्त्यात माणसाचं नाव कधीच नको.

प्रत्येक लिस्टला निदान दोन मालक ठेवा आणि दोघं एकाच गावात एकाच घरातले नकोत, हे गमतीने नाही म्हणत, छोट्या फर्ममधे दोन भाऊच मालक असतात आणि घरी लग्न असलं की दोघं एकदमच सुट्टीवर.

लिस्ट चालवायची कशावर

दहावीस माणसांची टीम असेल आणि मेलचा सर्व्हर सांभाळायला कोणी नसेल तर गूगल ग्रुप्स घ्या आणि पुढे चला. फक्त एक लक्षात ठेवा, तुम्ही स्वतः ग्रुपला पाठवलेला मेल जीमेल तुमच्या इनबॉक्समधे परत दाखवत नाही, त्यामुळे टेस्ट नेहमी दुसऱ्या अकाउंटवरून करा, नाहीतर लिस्ट चालत नाही असं वाटून दिवस जातो.

स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचं तर जीएनयू मेलमन ३. यात तीन तुकडे आहेत, कोअर म्हणजे खरं इंजिन, पोस्टोरियस म्हणजे सेटिंगची वेबसाइट, आणि हायपरकिटी म्हणजे आर्काइव्ह. त्यामुळे लावायला मेलमन २ पेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून बरेच जण अजून जुनं २ टाकतात. नवीन लिस्टसाठी ते करू नका, ते पायथन २ वर चालतं आणि पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला. सिम्पा पण चांगलं आहे, मोठ्या संस्थांमधे चालतं. आणि फार हलकं काही पाहिजे असेल तर एमएलएमएमजे बघा.

सेटिंग करताना कमिट लिस्टवर पोस्ट करायचा हक्क फक्त मशीनच्या पत्त्याला द्या. गूगल ग्रुप्समधे तो पत्ता मेंबर करून त्याची डिलिव्हरी बंद ठेवता येते. पहिला मेल बहुतेक वेळा मॉडरेशनमधे (लिस्टच्या मालकाच्या मंजुरीसाठी) अडकतो, तो तिथून सोडा आणि तोच पत्ता कायमचा मान्य करा. अनाउन्सवर दोन माणसांनाच लिहिता येईल, बाकी सगळे मॉडरेशनमधून. डेव्हवर मेंबर असेल तो लिहील.

आणि रिप्लाय-टू. ही एक सेटिंग सगळ्यात जास्त कामाची आहे. कमिट लिस्टच्या मेलला कोणी उत्तर दिलं तर ते डेव्ह लिस्टवर गेलं पाहिजे. म्हणजे कमिट वाचता वाचता कोणाला शंका आली, त्याने रिप्लाय दाबलं, आणि चर्चा आपोआप जिथे व्हायला पाहिजे तिथे सुरू झाली, वर त्या कमिटचा मजकूर पण सोबत आला. यासाठी कोणाला काही शिकवावं लागत नाही.

गिटला जोडणं

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. त्यातला कोड कुठे ठेवलाय त्यावर रस्ता ठरतो.

गिटहबवर असेल तर रिपॉझिटरीच्या सेटिंगमधे ईमेल नोटिफिकेशन आहे, तिथे जास्तीत जास्त दोन पत्ते टाकता येतात. दोनच का असं वाटेल, पण लिस्टचा पत्ता एक टाकला की झालं, आत किती माणसं ते लिस्ट बघते. गिटलॅबमधे ईमेल्स ऑन पुश नावाचं इंटिग्रेशन आहे, त्यात डिफ पाठवायचं की नाही ते पण ठरवता येतं.

स्वतःच्या सर्व्हरवर गिट असेल तर सगळं तुमच्या हातात. गिटमधे पोस्ट-रिसीव्ह नावाचा हुक असतो, कोणी पुश केलं आणि ते स्वीकारून झालं की तो चालतो, आणि प्रत्येक ब्रँचसाठी त्याला तीन गोष्टी मिळतात, जुना हॅश (कमिटचा ओळख क्रमांक), नवा हॅश, आणि ब्रँचचं नाव. ब्रँच नवीन असेल तर जुन्या हॅशच्या जागी नुसती शून्यं येतात, ब्रँच उडवली असेल तर नव्याच्या जागी. ही माहिती वापरून स्वतःची स्क्रिप्ट लिहिता येते पण लिहू नका, नवीन ब्रँच, मर्ज (एक ब्रँच दुसरीत मिळवणं), फोर्स पुश (सर्व्हरवरचा जुना इतिहास बदलून टाकणं) या सगळ्या केसेस धरता धरता महिना जातो. गिट-मल्टिमेल नावाची तयार पायथन स्क्रिप्ट आहे ती घ्या. गिटसोबत पूर्वी जी पोस्ट-रिसीव्ह-ईमेल नावाची शेल स्क्रिप्ट यायची तिच्या जागी हीच आली.

मल्टिमेल एका पुशला एक गोषवाऱ्याचा मेल पाठवते आणि मग प्रत्येक नव्या कमिटचा वेगळा मेल त्याच्याच खाली उत्तर म्हणून, त्यामुळे मेलमधे सगळं एका धाग्यात दिसतं. जुन्या कमिट दुसऱ्या ब्रँचवर परत आल्या तर त्यांचे मेल परत पाठवत नाही. फोर्स पुशने कमिट गायब केल्या तर गोषवाऱ्यात त्या गेल्याचं स्पष्ट लिहिते, आणि माझ्या मते नुसत्या याच एका गोष्टीसाठी पण ती लावावी.

चार सेटिंग पहिल्याच दिवशी बघून घ्या.

एक, कमिट मेलची कमाल मर्यादा. मुळात ती ५०० आहे. कोणी जुनी रिपॉझिटरी पहिल्यांदा पुश केली की लिस्टवर शेकडो मेल पडतील आणि लोक तिथेच लिस्ट सोडतील. ती २० वर आणा, त्यापेक्षा जास्त कमिट असतील तर फक्त गोषवारा जातो, तो पुरे.

दोन, मेलच्या ओळींची मर्यादा. कोणीतरी कधीतरी लायब्ररीची पूर्ण फाइल कमिट करतंच. हजार ओळींवर कापा.

तीन, ब्रँचचं फिल्टर. मुख्य ब्रँच आणि रिलीजच्या ब्रँच, बस. अर्धवट कामाच्या ब्रँचवर माणूस दिवसातून दहा वेळा पुश करतो आणि त्याने तसं करावंच, पण ते सगळ्यांनी वाचायची गरज नाही.

चार, टॅगचा पत्ता. मल्टिमेलमधे ॲनोटेटेड टॅगसाठी (रिलीजच्या कमिटला टिपणासकट दिलेल्या नावासाठी) वेगळा पत्ता देता येतो आणि त्या सेटिंगच्या नावातच अनाउन्स आहे, त्यामुळे हात तिकडे जातो. तिथे डेव्हचा पत्ता टाका, ग्राहकांच्या अनाउन्सचा नाही. का ते खाली येतंय.

हे सगळं आधी एका टेस्टच्या लिस्टवर चालवा जिच्यात तुम्ही एकटे आहात. नवीन ब्रँच करा, मर्ज करा, फोर्स पुश करा, टॅग मारा, ब्रँच उडवा, प्रत्येकाचा मेल कसा येतो ते डोळ्यांनी बघा आणि मगच खरी लिस्ट जोडा.

अजून कोणाकडे सबव्हर्जन (गिटच्या आधीचं तसल्याच कामाचं सॉफ्टवेअर) असेल, आणि आपल्याकडे आहे अजून काही ठिकाणी, तर तिथे पोस्ट-कमिट हुक असतो आणि त्याच्यासोबतच मेलर नावाची स्क्रिप्ट येते, तिच्यात फोल्डरप्रमाणे वेगळे पत्ते देता येतात.

विषयाची ओळ

मोबाइलवर विषयाची पहिली चाळीसएक अक्षरं दिसतात, तेवढ्यात माणूस ठरवतो उघडायचं की नाही. म्हणून आधी चौकटी कंसात रिपॉझिटरी आणि ब्रँच थोडक्यात, मग कमिटची पहिली ओळ. "[काटा-सर्व्हर/मुख्य] ओलावा दशांशात धरणे" हे चांगलं. "फिक्स" किंवा "चेंजेस डन" हे लिस्टवर जातंय म्हटल्यावर ते लिहिणाऱ्यालाच लाज वाटते, आणि खरं सांगायचं तर कमिट मेसेज सुधारायचा याच्यासारखा दुसरा उपाय मला सापडलेला नाही. पहिली ओळ ५० अक्षरांच्या आसपास, मग एक ओळ रिकामी, मग का बदललं ते. काय बदललं ते डिफमधे दिसतंच, का ते दिसत नाही.

चौकटी कंसातला हा भाग हुकनेच घालावा, लिस्टच्या सॉफ्टवेअरने नाही. कारण पुढच्या भागात.

मेल पोचलाच नाही तर

इथे थोडं खोलात जावं लागेल कारण बहुतेक लिस्ट इथेच मरतात.

मेल खरा आहे हे तीन गोष्टी सांगतात. एसपीएफ सांगतो की या डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरवरून येऊ शकतो. डीकेआयएम म्हणजे मेलवरची सही, ती मजकुरावर आणि साधारणपणे विषयावर पण असते. आणि डीमार्क सांगतो की हे दोन्ही जुळलं नाही तर समोरच्याने मेलचं काय करायचं. आता लिस्टच्या सॉफ्टवेअरने विषयाला पुढे काही जोडलं किंवा खाली "लिस्ट सोडण्यासाठी इथे जा" अशी तळटीप लावली की सही मोडते. एप्रिल २०१४ मधे याहूने डीमार्क रिजेक्टवर नेलं तेव्हा जगभरच्या लिस्टवर गोंधळ झाला, याहूचा पत्ता असलेल्या माणसाने लिस्टवर लिहिलं की तो मेल जीमेलसारख्या ठिकाणी नाकारला जायचा, आणि बाउन्स (न पोचता परत आलेले मेल) मोजून लिस्टचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच निर्दोष मेंबरांची डिलिव्हरी बंद करायचं.

आपल्या कमिट लिस्टला यातून सुटायचा सोपा रस्ता आहे. मेल पाठवणारा पत्ता नेहमी आपल्या डोमेनचा मशीनचा पत्ता ठेवा, नाव मात्र कमिट करणाऱ्याचं दाखवा. कमिट करणाऱ्याचा स्वतःचा जीमेल किंवा याहूचा पत्ता फ्रॉममधे घालून आपल्या सर्व्हरवरून पाठवलं तर तो मेल दुसऱ्याच्या नावाने पाठवल्यासारखाच दिसतो, मग स्पॅममधे गेला तर दोष कोणाचा नाही. आपल्या डोमेनची डीकेआयएम सही करा, लिस्टचं प्रिफिक्स आणि तळटीप बंद ठेवा, सही टिकते. डेव्ह लिस्टवर माणसं आपापल्या पत्त्यावरून लिहितात, तिथे मेलमनमधे डीमार्क मिटिगेशन नावाची सेटिंग आहे, ती फ्रॉमचा पत्ता बदलून लिस्टचा करते, ती चालू करा.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम कडक केले. दिवसाला ५००० च्या वर मेल जीमेलला पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही लागतात. आपली लिस्ट तिथपर्यंत जाणार नाही, पण छोट्या पाठवणाऱ्याला पण एसपीएफ नाहीतर डीकेआयएम पाहिजेच, म्हणून तिन्ही आधीच लावून ठेवा, एका दुपारचं काम आहे.

महिन्यातून एकदा बाउन्सची यादी उघडून बघा. कोणाची डिलिव्हरी आपोआप बंद झाली असेल तर त्या माणसाला ते माहीतच नसतं, त्याला वाटतं सध्या काम शांत आहे.

वाचणाऱ्याच्या बाजूचं

लिस्ट काढणाऱ्याची जबाबदारी इथे संपत नाही, फिल्टर कसं लावायचं ते प्रत्येक नव्या मेंबराला पहिल्या मेलमधेच पाठवा. प्रत्येक लिस्टच्या मेलमधे लिस्ट-आयडी नावाचं हेडर (मेलसोबत जाणारी, एरवी न दिसणारी माहितीची ओळ) असतं, ते २००१ पासून ठरलेलं आहे आणि विषय बदलला तरी बदलत नाही, म्हणून फिल्टर विषयावर न लावता त्याच्यावर लावा. जीमेलच्या शोधात इंग्रजीत list: असं लिहून पुढे लिस्टचा पत्ता टाकला की त्या लिस्टचेच मेल येतात, त्यावरूनच फिल्टर बनवा, लेबल द्या, इनबॉक्समधून वगळा. स्वतःचा मेल सर्व्हर असेल तर सीव्ह या मेल गाळायच्या भाषेत हेच दोन ओळींत होतं.

मग त्याच लिस्टवरच्या काही मेलना इनबॉक्समधे राहू द्या. ज्याच्याकडे पट्टीच्या हिशोबाचं काम आहे त्याला त्या फोल्डरमधला प्रत्येक बदल दिसला पाहिजे. मल्टिमेल स्वतःची बरीच हेडर घालते, रिपॉझिटरी, ब्रँच, हॅश असं सगळं, पण जीमेलचं फिल्टर अशी कोणतीही हेडर वाचत नाही, लिस्ट-आयडीसारखी मोजकीच वाचतं. म्हणून जे गाळायला लागणार आहे ते विषयातच पाहिजे. कमिटच्या पहिल्या ओळीत "पट्टी:", "काटा:", "रिपोर्ट:" असं सुरुवातीला लिहायची टीममधे सवय लावली की काम होतं.

डायजेस्ट म्हणजे दिवसभराचे मेल एकत्र, ते सपोर्टवाल्यांना चांगलं. संध्याकाळी सातला एक मेल, चहा पिता पिता वाचून होतो. रिव्ह्यू करणाऱ्याने डायजेस्ट घेऊ नये, त्याला एका कमिटला उत्तर द्यायचं असतं आणि डायजेस्टला उत्तर दिलं की धागा तुटतो.

अनाउन्स: इथे मशीन नको

माझा सगळ्यात जास्त जीव या लिस्टवर आहे. कमिट मेसेज डेव्हलपर डेव्हलपरसाठी लिहितो. ते गोळा करून तयार झालेला चेंजलॉग (बदलांची यादी) सावद्याच्या किंवा शहाद्याच्या मुनीमजींना पाठवणं म्हणजे न पाठवल्यासारखंच. त्यांना ओलाव्याचं फंक्शन नाही माहीत, पण ओलावा त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ ते १२ टक्क्यांपर्यंत चालतं, वरचा माल परत जातो, हे ते रोज गेटवर उभं राहून सांभाळतात. त्यांच्या भाषेत लिहिलं तर ते दोन ओळींत समजतात आणि वर आपल्याला चूक पण सांगतात.

काटाच्या त्या बदलाचा मेल मी असा लिहीन:

"विषय: काटा ४.२ – ओलावा आता दशांशात, सोमवारपासून

काय बदललं: मीटरवर ९.४ आलं तर आतापर्यंत कपात ९ वर व्हायची, आता ९.४ वरच होईल.
कोणाला लागू: ज्यांच्या काट्याला ओलावा मीटर जोडलंय त्यांनाच. हाताने आकडा टाकणाऱ्यांना काही बदल नाही.
तुम्ही काय करायचं: रविवारी संध्याकाळी काटा बंद झाल्यावर अपडेट करा. दोन काटे असतील तर दोन्ही एकदमच करा, नाहीतर एकाच शेतकऱ्याच्या दोन गाड्यांची कपात वेगळी येईल.
जुन्या पट्ट्या: बदलत नाहीत, परत छापल्या तरी जुनाच हिशोब येईल.
अडचण आली तर: सपोर्टच्या नंबरवर फोन करा, आवृत्ती ४.२ सांगा. परत ४.१ वर जायची सोय महिनाभर ठेवलीय."

पहिल्या ओळीपासून प्रत्येक ओळ एका प्रश्नाचं उत्तर आहे आणि ते प्रश्न फोनवर येणारेच आहेत. यापेक्षा लांब करू नका. विषयात आवृत्ती आणि तारीख दोन्ही पाहिजेत.

ग्राहक मेल वाचत नाहीत, व्हॉट्सअ‍ॅप वाचतात, हे खरंच आहे आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. मेल अनाउन्सवर पाठवा, आर्काइव्हमधल्या त्याच मेलची लिंक आणि पहिल्या दोन ओळी व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. मूळ एकच राहतं. दोन्हीकडे वेगवेगळा मजकूर लिहिला तर दुरुस्ती करताना एकीकडची राहून जाते. आणि दसरा-दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की हिशोब बदलणारी कोणतीही रिलीज काढू नका, सीझनमधे अनाउन्सवर फक्त दुरुस्तीचे मेल जायला पाहिजेत. जे मोठं आहे ते पोळ्याच्या आसपास कळवून मोकळं व्हा, तेव्हा मुनीमजींना पण बसून वाचायला वेळ असतो.

सिक्युरिटीची लिस्ट आणि कमिट लिस्टची गळती

सुरक्षेतली चूक कोणाला सापडली तर त्याने कुठे कळवायचं याचा एक पत्ता वेबसाइटवर आणि रीडमीमधे (कोडसोबतच्या माहितीच्या फाइलमधे) स्पष्ट पाहिजे. आर्काइव्ह बंद, मेंबर दोनतीन, आणि २४ तासांत "मिळालं" एवढं तरी उत्तर.

यात एक गोष्ट सुटते. दुरुस्तीची कमिट मुख्य ब्रँचवर पुश केली की त्याच मिनिटाला ती कमिट लिस्टवर डिफसकट गेली. लिस्टवर बाहेरची माणसं असतील, आर्काइव्ह उघडं असेल, तर चूक कुठे होती ते तुम्हीच जगाला सांगितलं आणि ग्राहकांचं अपडेट अजून झालेलं नाही. म्हणून अशी दुरुस्ती वेगळ्या खाजगी रिपॉझिटरीत करा जिला हुक जोडलेला नाही, बिल्ड तयार ठेवा, आणि पुश, रिलीज, अनाउन्सचा मेल हे तिन्ही एका तासाच्या आत करा. फार काळ दाबून पण ठेवू नका. लिनक्स वितरणांच्या बंद लिस्टवर एखादी चूक जास्तीत जास्त १४ दिवस गुप्त ठेवता येते असा नियमच आहे. आणि जिथे धोका चालू असतो तिथे उघडपणे सांगणं बरं. २९ मार्च २०२४ ला एक्सझेड या फाइल आवळणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं मागचं दार (आत घुसायची लपवलेली वाट) आंद्रेस फ्रॉइंड यांनी ओएसएस-सिक्युरिटी या उघड्या लिस्टवर मेल लिहून सांगितलं, आणि जगभरच्या लोकांनी त्या एका मेलवरून आपापले सर्व्हर तपासले.

दुसरी गळती पासवर्डची. कोणी चुकून डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल कमिट केली तर ती डिफमधून सगळ्यांच्या मेलबॉक्समधे गेली. गिटमधून इतिहास पुसता येतो, गेलेला मेल परत घेता येत नाही. पुसत बसण्याआधी पासवर्ड बदला.

आर्काइव्ह आणि आवराआवर

आर्काइव्हचा बॅकअप घ्या, मेलमनमधून एमबॉक्स (सगळे मेल एकत्र असलेली) फाइल निघते, ती महिन्याला दुसऱ्या जागी ठेवा. रिलीजच्या मेलमधे टॅगचं नाव लिहा, चर्चेत कमिटचा हॅश लिहा, म्हणजे पाच वर्षांनी एकावरून दुसरं सापडतं.

वर्षातून एकदा मेंबरांची यादी छापून तो पहिला कागद शेजारी ठेवा. नोकरी सोडून गेलेला माणूस कमिट लिस्टवर राहिला म्हणजे तुमचा कोड रोज त्याच्या घरी जातोय. जो ग्राहक सोडून गेला त्याला अनाउन्सवरून काढा. आणि ज्या माणसाने वर्षभर लिस्टवरचं काहीच उघडलं नाही त्याला विचारा की ठेवू का काढू, विचारलं की बरेच जण काढ म्हणतात आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

एखादी रिपॉझिटरी बंद पडली आणि तिची वेगळी लिस्ट असेल तर लिस्ट उडवू नका. शेवटचा मेल पाठवा की काम आता अमुक लिस्टवर चालेल, नवीन पोस्ट बंद करा, मेंबर काढून टाका, आर्काइव्ह वाचता येईल असं राहू द्या. जुना पत्ता नव्या लिस्टकडे वळवू नका, त्यावर येणारं बहुतेक स्पॅम असतं, पाठवणाऱ्याला नवा पत्ता सांगणारं उत्तर आपोआप जाईल एवढं केलं की झालं.